अस्नोड्याचा पूल आणि दोदोलाचा डबा

आमच्या घरात ‘तो नाताळ’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, कुठला. साल सांगावं लागत नाही. माझी धाकटी भावंडं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण तीसुद्धा ‘तो नाताळ’ असंच म्हणतात आणि आपण तिथे हजर होतो अशा खात्रीनं माझ्या चुका दुरुस्त करतात. मी मात्र खरंच होते. सात वर्षांची. यातलं थोडं मी पाहिलेलं आहे, बरंचसं ऐकलेलं आहे, आणि साठ वर्षांत दोन्हीची अशी काही खिचडी झाली आहे की डाळ कुठली आणि तांदूळ कुठला हे आता मलाही वेगळं करता येत नाही. करायची इच्छाही नाही.

आधी माणसं सांगते, नाहीतर पुढे घोटाळा होईल. माझे वडील सावंतवाडीचे. त्यांना आम्ही पाय म्हणायचो. त्यांची आई ती व्हडली माय. माझी आई गोव्यातली, बार्देशातल्या अस्नोड्याची, आणि तिची आई ती शामाय. शाणी माय म्हणून शामाय, असं आम्हाला सांगितलेलं. घरात अशा दोन माय आधीच होत्या, म्हणून आईला मात्र आम्ही मुंबईच्या शेजाऱ्यांसारखं सरळ ‘आई’च म्हणायला लागलो. व्हडली माय मालवणी बोलायची, शामाय बार्देशी कोंकणी, आणि आम्ही मुलं धोबीतलावच्या दोन खोल्यांत मराठी. पाय गिरगावातल्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते. मराठी खिळे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं व्हडली माय म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं, पण मुलाच्या बोटांवरची शाई तिला ठाऊक होती.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक कूड होता. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावानं आपल्या माणसांसाठी मुंबईत घेतलेली जागा. बोटीवर जाणारे तारवटी, नोकरी शोधायला आलेले पोरगे तिथे राहत. भिंतीला ओळीनं लावलेल्या ट्रंका, कोपऱ्यात आल्तार, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायचा रोजार. डिसेंबर लागला की त्या ट्रंका खाली निघत, उन्हात टाकल्या जात, आणि ‘यंदा घरी कोण जातो’ एवढाच विषय उरे. घरी म्हणजे गोव्यात. आणि तिथेच तर सगळं अडलेलं होतं.

हल्लीच्या मुलांना हे सांगून पटत नाही. ती शुक्रवारी रात्री गाडीत बसतात आणि शनिवारी सकाळी म्हापशाच्या बाजारात पाव-भाजी खातात. पण तेव्हा बांद्याच्या पलीकडे पोर्तुगाल होता. १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही हद्द ओलांडून गेले, पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पत्रादेवीला आज त्यांचं स्मारक आहे. त्या सुमाराला भारतानं नाकेबंदी आवळली, कॅसलरॉकहून खाली उतरणारी रेल्वे थांबली, जाण्यायेण्याला परवाने आले. मी १९५४ ची. बाप्तिस्म्याला शामायनं मला मांडीवर घेतलं होतं म्हणे, सहा महिन्यांची असताना. त्यानंतर तिनं मला पाहिलं नाही, आणि आईनं तिला पाहिलं नाही. सात वर्षं. मुंबईहून अस्नोडा काही विलायतेत नाही. वाडीहून तर बाराचौदा कोस.

त्या वर्षांतल्या शामायच्या स्वयंपाकघराच्या गोष्टी आम्ही पुढे खूप ऐकल्या. घाटावरचा बटाटा बंद झाला तेव्हा गोव्यात हॉलंडचा बटाटा आला. तांदूळ ब्रह्मदेशाचा, चहा सिलोनचा. शामायचं म्हणणं, त्या परदेशी बटाट्याला साल फार पातळ आणि चव काहीच नाही, पण दिसायला देखणा. बेळगावच्या कांद्याबटाट्यासाठी ती हळहळे. राजकारणात कोण बरोबर हे तिनं कधी सांगितलं नाही. बेळगावचा बटाटा बरा एवढंच सांगायची.

आणि तिची दुसरी हळहळ डब्याची. आमच्याकडे नाताळला कोंसुआद वाटायची पद्धत: नेवऱ्या, दोदोल, बोलिन्यां, पेराद, कुलकुलं असं ताटात मांडून, वर विणलेला रुमाल घालून, शेजारीपाजारी आणि लेकीबाळींकडे पाठवायचं. लांबच्या लेकीला डब्यातून. ज्याच्याकडे ताट गेलं त्यानं ते रिकामं परत करायचं नाही, काही नाही तर मूठभर साखर तरी घालायची. व्हडली मायच्या वाडीतल्या हिंदू शेजारणींकडेही हाच नियम होता, दिवाळीच्या फराळाच्या ताटांचा. दोन्हीकडच्या बायकांना तो कुणी शिकवला नव्हता. तर सात नाताळ शामायचा डबा मुंबईला आला नव्हता. लेकीच्या घरी डबा जात नाही म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात अशी आजी होती त्यांना मी समजावून सांगायला नको.

१९६१ साली पायनी ठरवलं, यंदा जायचंच. कागद झाले. कुठले, किती, कुणाकुणाच्या सह्यांचे, ते मला माहीत नाही, पण एका खाकी पाकिटात ते होते आणि पाकीट उशाखाली होतं. बेत असा की मुलीच्या शाळेला आठवडाभर आधी दांडी मारायची, बोटीनं वेंगुर्ल्याला उतरायचं, चार दिवस वाडीला व्हडली मायकडे राहायचं, आणि मग हद्द ओलांडून अस्नोडा. नाताळच्या मध्यरात्रीचा मिस्सा आईच्या गावच्या चर्चमध्ये. आईनं केक केला. दारूबंदीचे दिवस, म्हणून मनुका रममध्ये न भिजवता काळ्या चहात भिजवल्या. तो केक एका गोल पत्र्याच्या डब्यात, डबा उशीच्या अभ्र्यात, अभ्रा ट्रंकेत. ट्रंकेत आणखी मामासाठी टेरिलिनचं कापड होतं आणि शामायसाठी चष्मा. चष्मा कुठल्या नंबरचा ते विचारायला सोय नव्हती, म्हणून आईनं चोरबाजारातून तीन वेगवेगळे घेतले होते. त्यातला एक तरी लागेल.

निघायच्या आधी घरात एकदा वाद झाला. नोव्हेंबरात अंजदीव बेटाजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ बोटीवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला होता. पायनी स्वतःच्या हातानं ती बातमी जुळवली होती. कुडातला एक म्हातारा तारवटी आईला म्हणाला, बाय, बोटीनं जाऊ नको. पाय म्हणाले, अंजदीव कारवारकडे, आपण त्याच्या किती अलीकडे उतरणार. शेवटी भाऊच्या धक्क्यावरून आम्ही निघालो. बोटीचं नाव ‘रोहिणी’ असं आई सांगे, ‘चंपावती’ असं पाय. दोघांनी शेवटपर्यंत माघार घेतली नाही. मला आठवतो तो डेकवर पसरलेल्या वळकट्यांचा वास, कुणाच्या तरी पिशवीतल्या सुक्या बांगड्याचा वास, आणि दर बंदराला बोटीच्या अंगाला येऊन लागणारे पडाव. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी… पाय मला नावं पाठ करायला लावत होते. वेंगुर्ल्याला पहाटे होडीत उतरवलं तेव्हा आईनं ट्रंक खलाशाच्या हाती दिली नाही. स्वतः मांडीवर घेऊन बसली.

सावंतवाडी त्या आठवड्यात वेगळीच होती, असं सगळे सांगतात. मला वेगळी कशी वाटणार, मी ती पहिल्यांदा पाहत होते. मोती तलावाच्या काठानं लष्कराच्या गाड्या जाताना मी पाहिल्या आणि गावात नेहमी अशाच गाड्या जात असतील असं मला वाटलं. काका म्हणाला, आंबोलीच्या घाटात वाहनांची रांग आहे. बेळगावला सैन्य उतरतंय, रेल्वेच्या गाड्या त्यासाठी काढून घेतल्यात, लोक जागोजाग अडकलेत. तिसऱ्या दिवशी पाय पाकीट घेऊन चौकशीला गेले आणि तासाभरात परत आले. पाकीट त्यांनी कोनाड्यात ठेवलं. काही बोलले नाहीत. आईनं ट्रंक उघडली, केकचा डबा बाहेर काढला, हुंगला, परत ठेवला. ते मी पाहिलं. ते नक्की मी पाहिलं आहे.

आता पहाटेचा आवाज. १८ डिसेंबर, सोमवार. पहाटे पाचच्या सुमाराला पोर्तुगिजांनी माघार घेताना डिचोली, शापोरा आणि अस्नोडा इथले पूल उडवले, हे इतिहासात आहे. काका जन्मभर सांगत राहिला की तो आवाज आपण वाडीच्या खळ्यात उभं राहून ऐकला. पाय म्हणत, एवढ्या लांबून शक्य नाही, ट्रकचा टायर फुटला असेल. व्हडली मायनं यात तिसरंच सांगितलं: आवाज वगैरे काही नाही, कोंबडा अवेळी आरवला म्हणून सगळे उठले. मला विचाराल तर मला आईचा हात आठवतो, माझ्या पाठीवर ठेवलेला, आणि खळ्यातला गारवा. उजाडल्यावर मात्र विमानांचा आवाज सगळ्यांनीच ऐकला, त्यावर वाद नाही.

साडेसहाच्या सुमाराला दोडामार्गाकडून आपली एक तुकडी आत शिरली, शीख लाइट इन्फंट्रीची, आणि थिवीवरून म्हापशाच्या बाजूनं पुढे जात संध्याकाळपर्यंत मांडवीच्या काठाला बेतीला पोचली. समोर पणजी. १९ ला सकाळी सैनिक नदी ओलांडून पणजीत गेले, आणि त्याच रात्री साडेआठला गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. पुस्तकात हे सगळं जेमतेम दीड दिवसाचं काम आहे. साडेचारशे वर्षांची सत्ता आणि दीड दिवस. पण नकाशा काढून बघा, दोडामार्ग ते म्हापसा रस्ता कुठून जातो. अस्नोड्यातून. आमच्या आजोळच्या दारावरून. त्या दीड दिवसात माझ्या आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. व्हडली माय तिच्या शेजारी सुपात तांदूळ घेऊन बसली आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत राहिली. “तिका काय जावचा नाय,” ती म्हणायची, “ती माज्यापरास घट आसा.” विहिणीविहिणींची आयुष्यात तीन वेळा भेट झालेली.

शरणागतीची बातमी आम्हाला शेजारच्या वकिलांच्या रेडिओवर कळली. लोक रस्त्यावर आले, कुणी तरी गूळ वाटला. पाय खूप हसले आणि मग एकदम गप्प झाले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितलं की सहा-सात वर्षं गोव्याची प्रत्येक बातमी माझ्या हातून गेली, सत्याग्रहाची, तुरुंगवासाची, १९५८ साली मुंबईत वारलेल्या त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हांची, आणि गोवा मुक्त झाल्याचा मथळा जुळवायची वेळ आली तेव्हा मी रजेवर. तो मथळा दुसऱ्या कुणी तरी जुळवला. हे सांगताना त्यांची उजव्या हाताची बोटं खिळे उचलल्यासारखी हलत होती.

सीमा गेली, पण रस्ता कुठे होता? पूल पडलेले, सगळीकडे लष्कराचा पहारा, मेजर जनरल कँडेथ यांची लष्करी राजवट बसायची होती. बायकामुलांना घेऊन जायचं म्हणजे वेडेपणा, असं काका म्हणाला आणि ते खरं होतं. विसाव्या तारखेला व्हडली मायनं सुनेला समोर बसवलं आणि सांगितलं की नाताळ पाच दिवसांवर आलाय, पोर घरात आहे, तेव्हा रडायचं ते रात्री रड.

मग जो नाताळ झाला तो असा. गोठा करायचा तर मूर्ती नाहीत. अस्नोड्याच्या घरी होत्या, पोर्तुगालहून आलेल्या, चिनीमातीच्या. काका मला चितार आळीत घेऊन गेला. लाकडी खेळण्यांची ती गल्ली, लाखेच्या रंगाचा वास, टोपलीत रचलेली लाकडी केळी, सीताफळं, आंबे. गायबैल सहज मिळाले. मारियेच्या जागी एक ठकी आणली, लाल लुगड्याची, कपाळाला कुंकू रंगवलेली. घोंगडीच्या तुकड्याचा मेंढपाळ केला. बाळ येशूच्या आकाराचं काही मिळेना, तेव्हा आईनं कणकेचा बाळ करून चुलीवर तव्यात शेकला. करवंटीत नाचणी पेरली होती, तिचं हिरवं बोटभर आलं, ते भोवती ठेवलं. शेजारच्या घरातला दिवाळीचा आकाशकंदील अजून माळ्यावर होता, त्याला काकानं बांबूच्या काड्या लावून पाच टोकं काढली. ती ठकी माझ्याकडे अजून आहे, आणि आमच्या गोठ्यात मारिया अजूनही कुंकू लावलेलीच असते.

जेवणाचंही असंच. सान्नांना माडाचा सूर लागतो, तो दारूबंदीत मिळायचा नाही. आई बेकरीतून यीस्ट मागून आणायच्या विचारात होती, पण व्हडली मायनं सरळ उडदाचं पीठ आंबवलं आणि आंबोळ्या घातल्या. सोरपोतेल राहिलं, कोंबडी-वडे झाले. गोडाला कोंसुआद कुठून आणायची? शेजारणी आल्या. वकिलीणबाईंनी करंज्या केल्या. आमच्या नेवऱ्या आणि त्यांच्या करंज्या यांत फरक काय तो मला तेव्हाही कळला नव्हता, आताही कळत नाही. आई म्हणायची कडेची मुरड वेगळी. कुणी तरी खटखटे लाडू आणले, कुणी आल्याचं खाजं. त्यात आमच्या घरी तीन पाहुणेही होते, माझ्यासारखेच अडकलेले: मुंबईच्या कुडातून निघालेले दोन तारवटी आणि एक म्हातारी, जिला डिचोलीला नातीच्या बारशाला जायचं होतं. ही माणसं आमच्याकडे कशी आली हे कुणालाच सांगता येत नाही. पाय म्हणत, चर्चमधून पाद्रींनी पाठवली. काका म्हणे, मोटारस्टँडवर मीच भेटलो. ती पडवीत झोपत, आणि त्यातला एक तारवटी व्हायोलिन वाजवायचा. म्हातारी दिवसभर खोबरं किसायची. परक्या घरात बसून खायचं नाही म्हणून.

जेवताना त्या तारवट्यानं सांगितलेली, किंवा नंतर कुठे तरी ऐकून आम्ही त्याच्या तोंडी घातलेली, एक गोष्ट. गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेकडे रणगाड्यांवर डागायचे गोळे नव्हते. त्यांनी लिस्बनला गुप्त संदेश पाठवला, गोळ्यांना सांकेतिक शब्द वापरला ‘चोरीस’. लिस्बनच्या माणसांना वाटलं, बिचाऱ्यांना नाताळसाठी चोरीस हवेत, आणि विमानातून खरोखरचे चोरीस आले. ही गोष्ट गोव्यात सगळीकडे सांगतात. ऐकून सगळे हसत, व्हडली माय सोडून. ती म्हणायची, नाताळला घरापासून इतक्या लांब ज्यांची पोरं होती, त्या आयांना कोण हसणार.

चोवीस तारीख उजाडली. रविवार होता. संध्याकाळी, दिवेलागणीला, आम्ही मध्यरात्रीच्या मिस्सासाठी कपडे काढून ठेवत असताना खळ्यात एक माणूस आला. दोडामार्गाकडचा, नारळाच्या धंद्यातला, काकाच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीचा. त्याच्या हातात पांढऱ्या कापडात गाठ मारलेलं काही तरी होतं. आईनं गाठ पाहिली आणि ती जमिनीवरच बसली. ती गाठ कशी मारायची हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं.

आत डबा. डब्यात दोदोल. माडाच्या काळ्या गुळाचा, नारळाच्या रसात तासन् तास ढवळलेला, तुपासारखा चकाकणारा. पूल पडलेला, दारावरून फौज गेलेली, आणि ही बाई कायल चुलीवर चढवून दोदोल ढवळत बसली होती. लेक वाडीपर्यंत आली आहे, हे तिला तोपर्यंत कुणी तरी कळवलं होतं. नदीच्या अलीकडे डबा कसा आला, याच्या आमच्याकडे दोन कथा आहेत. एकीत मामानं तो डोक्यावर घेऊन ओहोटीच्या पाण्यातून आणला, दुसरीत होडीतून. दोन्ही कथांत पहाऱ्यावरच्या सैनिकानं डबा उघडायला लावला आणि एक वडी खाल्ली. वड्या चोवीस असायला हव्या होत्या, आईनं मोजल्या तर तेवीस निघाल्या. शामायला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, बरं केलं, त्याच्याही घरी नाताळाएवढा कुठला तरी सण असेल.

त्या रात्री मिस्सा लॅटिनमध्ये झाला, तेव्हा तो लॅटिनमध्येच असे. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. झोपेत मी आईच्या मांडीवर होते आणि तिच्या हाताला दोदोलाचा वास होता. सकाळी त्या नारळवाल्याच्या हाती आमचा केक गेला, मुंबईच्या पत्र्याच्या डब्यासकट, आणि तिन्ही चष्मे. त्या नाताळला अस्नोड्यात मुंबईचा केक खाल्ला गेला आणि वाडीत अस्नोड्याचा दोदोल, आणि दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

पाय नव्या वर्षाला कामावर गेले. आई आणि मी राहिलो. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, काकानं आम्हाला अस्नोड्याला नेलं. दोडामार्गापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, नदीला होडी. पडलेला पूल मी पाहिला. मधला भाग पाण्यात बसलेला आणि दोन्ही तोंडं आ वासून उभी.

शामाय दारात होती. तिनं चष्मा लावला होता, तिन्हींतला सगळ्यात जाड. सात वर्षांनी लेक समोर उभी. मी इतकं ऐकलं होतं, मला वाटलं आता या दोघी फार रडतील. शामायनं आईकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, “डबो खंय?”

डबा वाडीला राहिला होता. घाईत. आई जन्मात कधी एवढी ओशाळली नसेल. मग मात्र दोघी रडल्या. स्वयंपाकघरात आमचा पत्र्याचा केकचा डबा घासूनपुसून, वाळलेल्या कोकमांनी गच्च भरून तयार ठेवलेला होता.

रात्री शामायनं तिच्या बाजूचा इतिहास सांगितला. आधी स्फोट, कौलं हलली, देव्हाऱ्यातला दिवा विझला. मग धूळ, मग पगडीवाले सैनिक. त्यांतल्या एकानं पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला, त्यानं तो धुऊन परत दिला, म्हणून ही फौज वाईट नाही असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी विमान आलं आणि आकाशातून एक बाई कोंकणीत बोलली. हे ती चमत्कारासारखं सांगायची. मोठी झाल्यावर मला कळलं की चमत्कार नव्हता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या रानातून गुप्त रेडिओ चालवला होता, आणि गोवा मुक्त झाल्यावर हीच दोघं विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून ती बातमी सांगत गोव्यावरून फिरली होती. शामायनं वर पाहून क्रूस काढला होता. ती बाई आपल्या बार्देशातली वाटली, असं म्हणाली. आवाजावरून.

आणि शेवटी तिनं त्या पकडलेल्या पोर्तुगीज पोरांसाठी रोजाराचा एक दशक म्हणायला लावला. ती पोरं पुढे १९६२ च्या मे महिन्यापर्यंत गोव्यातल्या छावण्यांत होती, मग मायदेशी गेली. मामाला ते आवडलं नाही. त्याचे दोन मित्र पोर्तुगिजांच्या तुरुंगात खितपत पडले होते. पण आईसमोर तो गुडघे टेकून बसला. मी दोघांच्या मध्ये होते.

पुढचं वर्ष मोठ्या घडामोडींचं गेलं. गोवा केंद्रशासित प्रदेश झाला, शामायचे एस्कूद जाऊन रुपये आले, ऑक्टोबरात चीनचं युद्ध झालं. नाताळला मात्र आम्ही निघालो. पाय, आई, मी, आणि आईच्या कुशीत तीन महिन्यांचा भाऊ. वाडीला व्हडली मायनं शामायचा डबा माळ्यावरून काढून दिला. चितार आळीतली चार लाकडी केळी आणि खाली खटखटे लाडू, असा भरून. त्या अख्ख्या वाटेत कुणीही आमच्याकडे कागद मागितला नाही.